सायलेन्सर निवडताना

गाडीचा मागचा सायलेन्सर सडला की मालकापुढे तीन वाटा असतात. एक, शोरूममधून तोच भाग मागवायचा आणि सांगतील तेवढे पैसे मोजायचे. दोन, गॅरेजवर ठिगळ मारून घ्यायचं आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत दिवस काढायचे. तिसरी वाट आजकालच्या पोरांची. कंपनीचा डबा काढून टाकायचा, त्या जागी चकचकीत स्टीलचा ‘फ्री फ्लो’ बसवायचा आणि गल्लीत शिरण्याआधीच सगळ्यांना कळू द्यायचं की कोण आलंय.

माझी गाडी १.२ लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल. सेकंडहँड घेतलेली, पण जपलेली. दीपनगरहून भुसावळमार्गे जळगावच्या अलीकडे माझी शाळा आहे. रोजचं जाऊन-येऊन साठ किलोमीटरच्या आसपास होतं. सुट्टीच्या दिवशी याच गाडीतून अब्बांना दवाखान्यात, नाहीतर धुळ्याला नातेवाइकांकडे न्यायचं. म्हणजे गाडी शौकाची नाही, रोजीरोटीची. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या मागच्या डब्याला खालून भोक पडलं आणि फटफट सुरू झाली. आमच्या घरात त्यावर जी चर्चा झाली तेवढी कदाचित माझ्या बीएडच्या प्रवेशावरही झाली नसेल.

कारण घरात भाचा आहे. आपाचा धाकटा. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, जळगावला एका गॅरेजवर काम करतो, आणि त्या गॅरेजची निम्मी कमाई पोरांच्या गाड्यांना मोठ्या आवाजाचे सायलेन्सर बसवण्यातून होते. तो म्हणाला, “मामू, कंपनीचा डबा नका लावू. टर्बो गाडी आहे. टर्बोला मागून जितकी मोकळीक द्याल तितकी ती पळते. हे पुस्तकातलं आहे, पोरांच्या बाता नाहीत.”

त्याचं म्हणणं मी टाळलं नाही. शिक्षकाला सवय असते, विद्यार्थी म्हणतो ते आधी तपासून पाहायचं. आणि तपासल्यावर कळलं की तो मुळात खोटं बोलत नव्हता.

टर्बोची कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूची नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूत ऊर्जा शिल्लक असते. त्या वायूने एक छोटं चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र, आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. जास्त हवा, म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणजे छोट्या इंजिनातून मोठ्या इंजिनाचं काम.

आता चक्र फिरतं ते दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावर. हे दीपनगरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आमच्या वीज केंद्रातले २१० मेगावॉटचे जुने संच, नंतरचे ५०० चे दोन आणि नवा ६६० चा, सगळे याच नियमावर चालणारे. वाफ टर्बाइनमध्ये एका बाजूने प्रचंड दाबाने शिरते आणि दुसऱ्या बाजूला कंडेन्सर असतो. तिथे वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं आणि दाब हवेच्या दाबाच्या एक दशांशापर्यंत खाली येतो. तापीचं पाणी, ते कूलिंग टॉवर, त्यांच्यावरचे पांढरे ढग, हा सगळा खटाटोप टर्बाइनच्या मागचा दाब कमी ठेवण्यासाठी. उन्हाळ्यात पाणी तापलं की मागचा दाब वाढतो आणि तेवढ्याच वाफेतून वीज कमी मिळते.

गाडीच्या टर्बोचंही तेच. “थोडा बॅक प्रेशर लागतोच, नाहीतर पिकअप जातो,” असं जुने मिस्त्री सांगतात. ते बिनटर्बोच्या इंजिनांपुरतं काही अंशी खरं वाटतं. तिथे पाइपची लांबी-रुंदी अशी ठेवतात की एका सिलिंडरमधून निघालेला वायूचा झोत पुढच्या सिलिंडरला रिकामं व्हायला मदत करेल. फार रुंद पाइप लावला की झोत मंदावतो आणि खालचा जोर कमी होतो. टर्बो गाडीत हे झोत टर्बाइनच्या पात्यांवर आपटून बरेचसे मोडलेले असतात. त्याच्या पुढे पाइपने वायूला वाट मोकळी करून द्यायची, एवढंच काम. म्हणून भाच्याचं पुस्तकातलं वाक्य बरोबर होतं.

पण वाक्य बरोबर असणं वेगळं आणि त्याचा आपल्याला उपयोग किती हे वेगळं. मी वहीत साधं गणित मांडलं. १.२ लिटरचं चार स्ट्रोकचं इंजिन दर फेऱ्याला निम्मी, म्हणजे ०.६ लिटर हवा आत घेतं. मी हायवेवर दोन हजार फेऱ्यांवर निवांत चालतो, तेव्हा मिनिटाला जास्तीत जास्त बाराशे लिटर. कोणी साडेपाच हजार फेऱ्यांवर, पूर्ण बूस्टवर गाडी रेटली, म्हणजे हवा दुप्पट दाबाने कोंबली, तर मिनिटाला सहा हजार सहाशे लिटर. प्रवाह साडेपाचपट. आणि पाइपमधला अडथळा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे साधारण तीसपट. उलट बाजूने वाचलं तर, गाडी रेटताना जो अडथळा जाणवतो त्याचा तिसावा हिस्सा, खरं तर त्याहूनही कमी, माझ्या रोजच्या चालीत शिल्लक राहतो. त्या तिसाव्या हिश्शासाठी मी पैसे मोजणार होतो.

वही पाहून भाचा म्हणाला, “पण ओव्हरटेकला तर लागेल ना?”

लागेल. पण तिथेही एक मेख आहे. आजच्या टर्बो गाडीत बूस्ट किती द्यायचा हे संगणक ठरवतो. तेवढा झाला की वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि उरलेला वायू चक्राला वळसा घालून निघून जातो. मागची वाट मोकळी केली की टर्बो थोडा लवकर जागा होतो, हे खरं. पण संगणकाने आखलेली मर्यादा तीच राहते. ती वाढवायची तर त्याचा प्रोग्रॅम बदलावा लागतो, ज्याला पोरं ‘रिमॅप’ म्हणतात. मग वॉरंटी संपली, क्लच-गिअरबॉक्सवर ताण आला, आणि मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या खान्देशात इंजिनाला आणखी तापवलं. भुसावळ ते जळगाव पंचवीस किलोमीटरच्या रस्त्यावर, केळीच्या ट्रकांच्या मागे, या सगळ्यातून वाचणार किती मिनिटं?

ज्यांना तरीही बदल करायचा आहे त्यांच्यासाठी जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू नका. काही ठिकाणी तो काढून सरळ पाइप जोडून देतात, कारण खरा अडथळा तिथे जास्त असतो. पण विषारी वायू निवळतात तेही तिथेच. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत त्याच्या पुढे-मागे ऑक्सिजन सेन्सर असतात. तो काढला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, मग तो दिवा बंद करायला आणखी एक लबाडी. बदल करायचाच तर कन्व्हर्टरच्या मागच्या भागात.

दुसरी, पाइपची रुंदी. दोन इंचाऐवजी अडीच इंच म्हटलं तर अर्ध्या इंचाचा फरक वाटतो, पण वाट दीडपटीहून जास्त रुंद होते. एवढ्याशा इंजिनाला ती गरज नाही. दोन किंवा सव्वादोन इंच पुष्कळ झाले. त्यापुढे फक्त आवाज वाढतो.

तिसरी, धातू. सायलेन्सर सडतो तो बाहेरच्या चिखलापेक्षा आतल्या पाण्याने. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. गाडी लांब चालली तर ते वाफ होऊन निघून जातं. घर ते बाजार, बाजार ते मशीद अशी दोन-दोन किलोमीटर चालली तर ते मागच्या डब्यात साचतं, त्यात आम्ल मिसळतं आणि डबा आतून खातं. म्हणून गाडीला आठवड्यातून एकदा तरी लांब पळवावी. कंपन्या साधारण ४०९ नंबरचं स्टील वापरतात, त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास. ३०४ नंबर त्याहून चांगलं, क्रोमियम १८ आणि निकेल ८ टक्के. विकणारा लोहचुंबक लावून दाखवतो, “बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४.” एवढ्यावर जाऊ नका. २०२ नंबरच्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही. बिलावर नंबर लिहून मागा. लिहून देत नसेल तर समजून घ्या.

चौथी, डब्याच्या आत काय आहे. कंपनीच्या डब्यात कप्पे असतात. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात, तिथून उलटा तिसऱ्यात जातो आणि ध्वनीच्या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. ‘फ्री फ्लो’मध्ये सरळ भोकांची नळी असते आणि तिच्याभोवती काचेची लोकर भरलेली. चांगल्या मालात ही लोकर घट्ट आणि भरपूर असते. हलक्या मालात मूठभर. वर्षभरात ती जळून, उडून जाते आणि घेताना “जरासा भारदस्त” वाटलेला आवाज डोकं उठवणारा होतो.

आणि पाचवी गोष्ट, जिचा अनुभव मला घरातूनच आला. तिला इंग्रजीत ड्रोन म्हणतात. मराठीत घुमणं म्हणू या.

भाच्याच्या एका मित्राकडे माझ्यासारखीच गाडी आहे, सरळ पाइपवाली. एका रविवारी भाच्याने ती आणली. “मामू, एकदा चालवून तर बघा.” अब्बाही म्हणाले, मी येतो. आम्ही वरणगावच्या दिशेने हायवेला निघालो. सुरुवातीला खरं सांगतो, मला मजा आली. आवाजात रुबाब होता. गाडी ऐंशीला स्थिर केली, वरचा गिअर, बावीसशे फेरे. आणि गाडीत एक घूं असा आवाज भरून राहिला. कानापेक्षा छातीत जाणवणारा. काच उघडली तरी तसाच, बंद केली तरी तसाच.

यामागचं गणितही सोपं आहे. तीन सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दीड स्फोट होतात. बावीसशे फेऱ्यांना मिनिटाला तेहतीसशे, म्हणजे सेकंदाला पंचावन्न. पंचावन्न हर्ट्झचा हा खर्ज गाडीच्या बंद डब्यात घुमतो. तो मारायला पाइपला बाजूने एक बंद तोंडाची फांदी जोडतात, लहरीच्या पाव लांबीची. गरम वायूत ती लांबी दोन मीटरच्या आसपास भरते. छोट्या गाडीखाली दोन मीटरची फांदी बसवणार कुठे? म्हणून कंपनीवाले तो कप्प्यांचा बोजड डबा बसवतात. पोरांना जो निरुपयोगी ओझं वाटतो तो हे काम करत असतो.

पण त्या दिवशी मला हे गणित सुचलं नव्हतं. मी आरशात अब्बांकडे पाहत होतो. घरून निघाल्यापासून ते कुठल्याशा लग्नाबद्दल बोलत होते. ऐंशीचा वेग धरला आणि ते गप्प झाले. मी काहीतरी विचारलं, त्यांनी कानाला हात लावला. पुन्हा विचारलं. ते हसले, मान हलवली, बाहेर पाहू लागले. गाडी थांबवल्यावर भाच्याला म्हणाले, “बेटा, गाडीत लूम बसवलाय का?”

अब्बांनी धुळ्यात तीस-बत्तीस वर्षं यंत्रमाग चालवला. लहानपणी मी डबा घेऊन जायचो. एका शेडमध्ये चोवीस माग, पत्र्याचं छत आणि धोट्याची खटखट. तिथे कोणी कोणाशी बोलत नसे. सगळे हातवाऱ्यांनी बोलत. आठ तासांच्या पाळीला नव्वद डेसिबल ही कामगारांसाठीची कायद्याची मर्यादा आहे, हे मी खूप नंतर वाचलं. त्या शेडमध्ये मर्यादा मोजायला कोणी आल्याचं अब्बांना आठवत नाही. कानात कापसाचा बोळा, हीच काय ती व्यवस्था.

अशा आवाजाने बहिरेपण येतं ते चार हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. म्हणजे आधी व्यंजनं जातात. स, श, फ, ख हे बारीक आवाज जातात आणि स्वर राहतात. अब्बांना ‘सात’ आणि ‘हात’ सारखेच ऐकू येतात. लोकांना वाटतं म्हातारा मुद्दाम दुर्लक्ष करतो. भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे फार लागतं. मुलांना मी ‘श’ आणि ‘ष’मधला फरक सांगतो आणि घरी अब्बांना ‘स’च पोहोचत नाही. त्यात खर्जाचा आवाज त्याच्या वरचे बारीक आवाज दडपून टाकतो, हा कानाचा स्वभावच आहे. धडधाकट माणूस घुमणाऱ्या गाडीत थोडं मोठ्याने बोलून निभावतो. अब्बांसाठी ती गाडी म्हणजे पुन्हा तीच शेड.

घरात टीव्ही असतो, मुलं असतात, माणसांची ये-जा असते. अब्बांशी माझं निवांत बोलणं होतं ते गाडीतच. धुळ्याला जायला अडीच-तीन तास लागतात. काच बंद, ते बाजूला बसलेले, त्यांचा चांगला कान माझ्याकडे. अम्मीच्या, मागाच्या, दंगलींच्या, उधारीच्या सगळ्या गोष्टी मी अशाच ऐकल्या आहेत. सायलेन्सर निवडताना मी खरं तर हे निवडत होतो की त्या गोष्टी पुढेही ऐकायच्या की नाही.

गाडीबाहेरचाही विचार करायला हवा. दीपनगरमध्ये वीज केंद्र तीन पाळ्यांत चालतं. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी नऊला झोपतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. ज्याची रात्र सकाळी नऊला सुरू होते त्याची या नियमांत वेगळी सोय नाही. त्याची सोय शेजाऱ्याच्या समजुतीवरच.

कायदाही साधा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाने केलेल्या प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. आवाज आणि धुराच्या कलमाखाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा कैद होऊ शकते आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. नव्या मोटारीला चाचणीत ७४ डेसिबलच्या आत राहावं लागतं. डेसिबल दहाने वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते, त्यामुळे “दहाच तर वाढले” या बोलण्याला अर्थ नाही. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

इथे एक गोष्ट आपल्या लोकांशी मोकळेपणाने बोलायची आहे. आवाज हा विषय आपल्या वाट्याला आधीच वेगळ्या रंगात येतो. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये मशिदींच्या भोंग्यांवरून राज्यात काय वातावरण झालं होतं ते आठवा. कित्येक मशिदींनी तेव्हा स्वतःहून आवाज कमी केला, फजरची अजान भोंग्याविना दिली. मोठ्या आवाजाच्या गाड्या सगळ्या समाजांतली पोरं फिरवतात, आणि डीजेच्या भिंतींनी कोणाच्याही वरातीत काचा थरथरतात. पण नाक्यावर गाडी अडवली, लायसन्स पुढे केलं आणि त्यावरचं नाव वाचलं गेलं, की आपल्या पोराच्या दंडात आणखी काहीतरी मिळवलं जाण्याची भीती आपा रोज उराशी घेऊन बसते. ती भीती रास्त आहे की नाही यावर वाद घाला. तिची झोप तर उडालेली असतेच.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो चिडला. “म्हणजे आपण घाबरून गप्प राहायचं?”

प्रश्न चांगला होता. मी म्हणालो, नाही. जिथे बोलायचं तिथे बोल. पण पाइप म्हणजे तुझं बोलणं नाही. मराठीत ‘आवाज’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. गळ्यातला तोही आवाज आणि वर्गातला गोंधळ तोही आवाज. उर्दूत आवाज वेगळा, शोर वेगळा. कुरआनमधल्या सूरह लुकमानमध्ये लुकमान आपल्या मुलाला समजावतात, त्यात चालणं आणि आवाज या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. दोन्हींत मध्यम राहायचं, आणि उदाहरण येतं गाढवाच्या ओरडण्याचं. गाडी म्हणजे आपली आजची चाल. त्या उपदेशाला चौदाशे वर्षांत जुनं व्हायची संधी मिळालेली नाही.

तो हसला, पण पटलं असं म्हणाला नाही. पटलं ते वेगळ्याच कारणाने. माझा सडलेला डबा त्याने अंगणात ग्राइंडरने उभा चिरला. आत तीन कप्पे, दोन भोकांच्या नळ्या, एक उलटा फिरणारा मार्ग, आणि तळाशी गंजाचं लाल पाणी. तो तासभर त्या चिरलेल्या डब्यासमोर उकिडवा बसून होता. कागदावर मापं काढली, प्रत्येक कप्प्याची लांबी लिहिली. “मामू, हे बनवणारा माणूस डोकेबाज आहे,” म्हणाला. मोकळा पाइप कोणीही वाकवू शकतो, हे त्याला माझ्या गणिताने नाही, त्या डब्याने सांगितलं.

शेवटी आम्ही बाहेरच्या एका कारखान्याचा, पण कंपनीच्याच आराखड्यावर बनलेला कप्प्यांचा डबा घेतला. शोरूमपेक्षा स्वस्त पडला, बिलावर ४०९ लिहून मिळालं. जोडणी भाच्याने आर्गन वेल्डिंगने केली, रबरी हँगर नवे टाकले आणि तळाच्या भोकातून पाणी निघतं की नाही ते पाहून घेतलं. मग त्याच हायवेवर, त्याच ऐंशीच्या वेगाने, त्याने फोनवरचं डेसिबलचं ॲप लावलं. फोनचे आकडे खरे डेसिबल नसतात, पण मित्राच्या गाडीशी तुलना करायला पुरतात. तो आकडे बघत होता. मागे अब्बा त्या अर्धवट राहिलेल्या लग्नाची गोष्ट पुढे सांगत होते. मेहरवरून वाद झाला होता म्हणे.

भाच्याला आता स्वतःचं वेल्डिंगचं दुकान टाकायचं आहे. आर्गनच्या सेटसाठी त्याने माझ्याकडे पैसे मागितले आणि मी कर्ज-ए-हसना म्हणून दिले. बिनव्याजी, जमेल तसे परत. आपा म्हणाली, अट घाल, मोकळे पाइप बसवणार नाही म्हणून. मी घातली नाही. त्याचा हिशेब मला माहीत आहे. सडलेला डबा बदलून त्याला मिळतात त्याच्या तिप्पट पैसे फ्री फ्लो बसवून मिळतात, आणि तसं गिऱ्हाईक रोज दारात उभं राहणार. त्याला नाही म्हणायचं की हो, हे दुकानाचं भाडं भरताना त्याचं त्यानेच ठरवायचं आहे.

मी एवढंच केलं. त्याने काढलेलं त्या कप्प्यांचं चित्र लॅमिनेट करून दिलं, दुकानात लावायला. परवा तो सांगत होता, एका शाळेच्या व्हॅनचा डबा तसाच बनवून दिला, कप्प्यांसकट, घरच्या घरी. आवाज अजून थोडा जास्त येतो म्हणाला. मधल्या कप्प्याची लांबी चुकली असावी. या रविवारी पुन्हा चिरून बघणार आहे.